उलटी बसलेली पट्टी: बेल्टच्या ताणाचं एक प्रकरण

गाडी माझ्याकडे आली ती चिवचिवत. दोन सिलिंडरची जडशी क्रूझर, मागच्या चाकाला चेनऐवजी दातेरी बेल्ट, आणि बेल्ट डाव्या अंगाला. मित्राची गाडी. मागचा टायर बदलून दोन महिने झाले होते आणि तेव्हापासून तो एकच सांगत होता, "अरे, हिच्या मागे कुणीतरी चिमणी बांधलीय." पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालताना चाकाच्या फेऱ्याबरोबर ठेक्यात चिर्र, चिर्र. वेग वाढला की ती चिवचिव बुडायची आणि तिच्या जागी एक बारीक घुंई यायची. थ्रॉटल सोडला की ती जास्त.

त्याने स्वतः एक उपाय करून पाहिला होता. घरात चेनच्या स्प्रेचा डबा होता, तो बेल्टवर मारला. आवाज दोन दिवस गेला, मग धूळ चिकटून काळा चिखल झाला आणि चिमणी परत आली. हे करणारा तो पहिला नव्हे. चेनवाल्या गाड्यांवर वाढलेल्या माणसाचा हात आवाज आला की तेलाकडेच जातो. बेल्टला तेल-ग्रीस काहीही नको असतं. मी सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश घेऊन बेल्ट आणि दोन्ही पुल्या, म्हणजे बेल्ट ज्यांवर फिरतो ती पुढची-मागची दातेरी चाकं, धुतल्या, कोरडं केलं, एक चक्कर मारून आलो. आवाज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चिर्र.

धुण्याचा एक फायदा झाला. स्वच्छ बेल्टची उजवी, म्हणजे आतली कड नीट दिसली. ती चकचकीत झाली होती, एखाद्या जुन्या पायरीची कड पावलांनी होते तशी. मागच्या पुलीच्या आतल्या किनारीवर त्याच उंचीचा घासल्याचा पट्टा होता आणि बेल्टच्या झाकणाच्या आत काळी बारीक पूड साठली होती. बेल्ट किनारीला अधूनमधून टेकणं हा गुन्हा नाही, बऱ्याच गाड्यांत तो हलकासा टेकतोच. पण कड चकाकणं आणि पूड पडणं म्हणजे तो टेकत नाही, दाबून घासतोय.

बेल्ट स्वतः मात्र ठीक होता. दात पूर्ण, दातांच्या मुळाशी तडा नाही, पाठीवर खडा रुतल्याची खूण नाही, कुठे दोरे बाहेर आलेले नाहीत. हे आधी पाहून घ्यावं. फाटक्या बेल्टचा ताण जुळवत बसणं म्हणजे दिवस वाया घालवणं.

मग ताण. गाडीच्या पुस्तिकेत पद्धत अशी होती: गाडी थंड, साइड स्टँडवर, वर कुणी बसलेलं नाही, सामान नाही, बेल्टच्या खालच्या पदराच्या मधोमध ४.५ किलोचा जोर द्यायचा आणि बेल्ट किती हलतो ते मोजायचं. ४.५ किलो म्हणजे दहा पौंड, बेल्टच्या गाड्यांत हाच जोर बहुतेक ठिकाणी धरतात. या गाडीला झोल ८ ते १० मिमी हवा होता. हा आकडा दुसऱ्या गाडीवर चिकटवू नये. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही तो वेगळा असतो, आणि एखादी पुस्तिका चालक बसलेला धरते तर एखादी नाही.

जोर मोजायला एक स्प्रिंगचं दांडीचं मापक मिळतं, त्यावर रबरी कडी सरकते. माझ्याकडे ते नव्हतं. सामानाचं वजन करायचा हातातला काटा होता. रुंद सुती पट्टी बेल्टवरून टाकून तिचं टोक काट्याला अडकवलं, खाली ओढलं, आणि शेजारी उभ्या स्टीलच्या मोजपट्टीवर बेल्टची खालची कड कुठे येते ते वाचलं. सुती पट्टी रुंद घ्यावी. बारीक दोरी बेल्टला एकाच जागी चिमटीत धरते. चाक सावकाश फिरवत पाच-सहा ठिकाणी मोजलं, कारण कोणतीही पुली अगदी गोल नसते आणि बेल्ट एका जागी जास्त घट्ट, एका जागी कमी लागतो. सगळ्यात घट्ट जागेचं माप धरायचं. ते निघालं ४ मिमी.

चार आणि नऊ यांत फरक पाच मिलिमीटरचा, म्हणून त्याला किरकोळ समजू नये. हिशोब अगदी शाळेतला आहे. दोन पुल्यांमधला बेल्टचा मोकळा भाग साधारण ६०० मिमी होता. मधोमध जोर देऊन बेल्ट जेवढा खाली येतो, त्यावरून बेल्टमधला ताण निघतो: जोर गुणिले मोकळी लांबी, भागिले झोलाची चौपट. ९ मिमी झोलाला ४.५ गुणिले ६०० भागिले ३६, म्हणजे ७५ किलोचा ताण. ४ मिमीला तेच २७०० भागिले १६, म्हणजे जवळजवळ १७० किलो. आणि बेल्टचे दोन पदर असतात, वरचा आणि खालचा. दोघेही पुलीला आपल्याकडे ओढतात. गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर गाडी उभी असतानाच दीडशेऐवजी तीनशे चाळीस किलोच्या जवळपास भार. ती घुंई कशाची असावी याचा अंदाज मला इथेच आला, आणि तो मला आवडला नाही.

आता सरळपणा. चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या स्विंगआर्मवर, एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) दोन्ही बाजूंना कोरलेल्या खुणा असतात आणि एक्सलवर ओवलेल्या छोट्या पट्टीला एक खाच. दोन्हीकडे खाच चौथ्या रेघेवर होती. मित्र म्हणाला, "बघ, सारखंच आहे की." टायर बदलणाऱ्यानेही बहुधा तेवढंच पाहिलं असणार. त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. नव्वद टक्के लोक तेवढंच पाहतात आणि बहुतेक वेळा निभतं.

पण खुणा म्हणजे माप नव्हे. खरं माप चिमट्याच्या बिजागरीच्या, म्हणजे तो फ्रेमला जिथे जोडलाय तिथल्या, बोल्टच्या केंद्रापासून एक्सलच्या केंद्रापर्यंत, दोन्ही बाजूंना. त्यासाठी मी एक जुनी युक्ती वापरतो: वेल्डिंगची सरळ कांडी घ्यायची, एक टोक काटकोनात वाकवून त्याला अणकुची करायची, आणि कांडीवर घट्ट बसणारी एक रबरी कडी सरकवायची. वाकवलेलं टोक बिजागरीच्या बोल्टच्या मधल्या खळग्यात टेकवायचं, कडी एक्सलच्या केंद्रावर आणायची, मग कांडी तशीच उचलून दुसऱ्या बाजूला लावायची. कडी जिथे पडते आणि एक्सलचं केंद्र जिथे आहे, त्यातला फरक हाच तिरपेपणा. आकडे लिहायचे नाहीत, वजाबाकी करायची नाही, चूक व्हायला जागाच नाही. ०.८ मिमीपर्यंतचा फरक चालून जातो असं सर्वसाधारणपणे धरतात.

कडी २ मिमीने चुकली. डावी बाजू, म्हणजे बेल्टची बाजू, जास्त मागे होती.

दोन मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. या गाडीत एक्सलच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्यांमध्ये अंतर साधारण २५० मिमी. म्हणजे चाक अर्ध्या अंशाला थोडं कमी इतकं वळलेलं. पण तीच रेघ पुढच्या चाकापर्यंत ओढली, दोन चाकांत १६०० मिमी धरले, तर मागचं चाक पुढच्या चाकाच्या मध्यापासून १३ मिमी बाजूला रोखलेलं निघतं. दोरी लावून पाहिली. मागच्या टायरला दोन्हीकडून टेकवून पुढे नेली, हँडल सरळ बांधलं. पुढच्या टायरपासूनची दोन्हीकडची फट अडीच सेंटिमीटरच्या आसपास वेगळी आली. हिशोबाशी जुळलं, बरं वाटलं. दोरीची पद्धत मी पडताळणीपुरतीच वापरतो. दोन चाकं एका सुतात आहेत का ते ती सांगते. फ्रेम वाकली असेल तर तेही सांगते. पण बेल्टला चाकांशी देणंघेणं नाही, त्याला पुल्या समांतर हव्यात, आणि पुल्यांचं सूत बिजागरीपासूनच मोजावं लागतं.

रोग सापडला, असं मी धरून चाललो. आणि इथे मी चुकलो.

एक्सलच्या नटची पिन काढली, नट सैल केला, पण अगदी मोकळा नाही. एक्सल हाताने ढकलून सरकेल आणि स्वतःहून डुलणार नाही इतपत. या गाडीत ताणाचे बोल्ट ढकलणारे आहेत, म्हणजे बोल्ट आत फिरवला की तो एक्सलच्या पट्टीला मागे रेटतो. बोल्ट ८ मिमीचा, नेहमीच्या आट्यांचा; पूर्ण फेऱ्याला १.२५ मिमी सरकतो. डोक्याला सहा बाजू, म्हणून एक बाजू फिरवली की ०.२ मिमी. हा हिशोब डोक्यात असला की काम सोपं होतं. "थोडा फिरव, अजून थोडा" याऐवजी "डावीकडचा तीन बाजू मागे घे" असं म्हणता येतं. मी दोन्ही बोल्ट आधी बरेच मागे घेतले, चाक हाताने पुढे ढकलून पट्ट्या बोल्टांना टेकवल्या आणि मग दोन्हीकडून सारखे पुढे येत गेलो. ताण नेहमी सैल बाजूकडून घट्टकडे जाऊन गाठावा, नाहीतर आट्यांतला झोल मापात शिरतो.

कांडी लावली: फरक शून्य, निदान माझ्या डोळ्यांना. काटा लावला: झोल ९ मिमी. नट टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळला, नवी पिन घातली, मागचा ब्रेक दोन-तीनदा दाबला. एक्सल हलला की ब्रेकचा कॅलिपरही हलतो आणि पहिल्या दाबाला पॅडल खाली जाऊ शकतं, म्हणून हे विसरू नये. चाक फिरवलं, चिवचिव नाही. मित्र खूश होऊन गेला.

तिसऱ्या दिवशी फोन. "चिमणी परत आली रे. थोडी लांबून ओरडतेय, पण आहे."

माझ्या मनात आधी आलं ते हे की त्याने मोजताना काहीतरी केलं असेल. त्याने खरंच स्वतः मोजलं होतं, आणि त्याला आकडा ४ मिमी मिळाला होता, कारण तो गाडीवर बसला होता आणि त्याच्या भावाने काटा ओढला होता. यात त्याचा दोष नाही, ही गोष्ट सांगितल्याशिवाय कळत नाही. पुढची पुली चिमट्याच्या बिजागरीच्या नेमकी मध्यावर नसते, थोडी पुढे असते. त्यामुळे चिमटा वर-खाली झाला की दोन पुल्यांतलं अंतर बदलतं. पुढची पुली, बिजागरी आणि एक्सल ही तीन केंद्रं एका रेषेत आली की अंतर सगळ्यात जास्त, म्हणजे बेल्ट सगळ्यात घट्ट. माणूस बसला की चिमटा त्या रेषेकडे सरकतो. स्टँडवर रिकाम्या गाडीचा झोल ८ ते १० सांगितला आहे तो यासाठीच, की खड्ड्यातून जाताना मधल्या घट्ट क्षणीही काही शिल्लक राहावं. मागचे शॉक बदलून गाडी खाली बसवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. तेव्हा पुस्तिकेतला आकडा जसाच्या तसा लागू राहत नाही.

पण गाडी आली, थंड झाली, आणि मी रिकामी मोजली तरी आकडा ९ नव्हता. जेमतेम साडेपाच. ७५ किलोचा ताण १२० च्या पलीकडे गेलेला. कांडीने डावी बाजू ०.९ मिमी मागे दाखवली.

आता दोनच शक्यता. एक, मी आधी चुकीचं मोजलं. दुसरी, मी मोजल्यानंतर काहीतरी सरकलं. पहिली मला पटेना, कारण कांडीत चुकायला जागा नसते, हे मीच वर लिहिलंय. मी जमिनीवर बसून डावीकडचा ताणाचा बोल्ट बोटांनी सहज चाचपला, आणि तो फिरला. पाना न लावता, दोन बोटांनी, अर्धा फेरा.

ढकलणारा बोल्ट बोटांनी फिरतो याचा अर्थ एकच: तो आता कशालाही टेकलेला नाही. पट्टी त्याला सोडून मागे गेली आहे. उजवीकडचा मात्र घट्ट होता. म्हणजे मी सगळं जुळवलं, मग नट आवळला, आणि आवळताना डावी बाजू गपचूप मागे सरकली. मी मोजलं होतं ते सैल नटच्या अवस्थेतलं. गाडी चालत होती ती आवळलेल्या नटच्या अवस्थेत. त्या दोन गाड्याच वेगळ्या होत्या म्हणा ना.

एक्सल आवळताना थोडाफार सरकतोच, हे मला माहीत होतं. नट फिरतो तेव्हा वॉशर आणि पट्टी यांना तो आपल्याबरोबर ओढू पाहतो. पण इतकं नाही. पुन्हा करून पाहिलं, यावेळी बघत. नट सैल केला, सगळं जुळवलं, डावीकडे चिमट्याचं टोक आणि पट्टी यांच्यामध्ये व्हर्निअर (बारीक मापाची सरकपट्टी) धरला, आणि मित्राला टॉर्क पाना दिला. त्याने जोर लावला. आधी काहीच नाही. मग शेवटच्या पाव फेऱ्यात, जिथे पाना खरा जड होतो तिथे, पट्टी एकदम एक ठोका सरकली. ऐकू आलं नाही, पण व्हर्निअरच्या दांड्यात हाताला जाणवलं.

चाक बाहेर काढलं. बेल्ट पुलीवरून उतरवताना तो हातात दुमडू नये, पिळू नये, उलटा करू नये. आतले ताणाचे दोरे एकदा मोडले की वरून काही दिसत नाही आणि बेल्ट पुढे कधीतरी तिथेच तुटतो. मी तो मोठ्या गोलाईत तसाच लटकत ठेवला. पुन्हा चढवताना फिरण्याची दिशा तीच राहिली पाहिजे.

डावीकडची पट्टी हातात घेतली. छोटीशी, मध्ये एक्सलचं भोक, वर-खाली एकेक खाच, आणि एका काठाला किंचित दुमड. उजवीकडची शेजारी ठेवली. आता दिसलं: खाच भोकाच्या नेमकी मध्यावर नाहीच. ती केंद्रापासून साधारण १ मिमी मागे आहे. पट्टी अर्धा फेरा फिरवून बसवली की हीच खाच १ मिमी पुढे येते. दोन्ही काठांना खाच असल्यामुळे कशीही बसवा, वरून एक खाच दिसतेच, आणि ती चौथ्या रेघेवर आणताही येते. फक्त एक्सल २ मिमी मागे गेलेला असतो. गाडी माझ्याकडे आली तेव्हाचे दोन मिलिमीटर हेच.

दुसरी गोष्ट दुमडीची. ती चिमट्याच्या खालच्या कडेखाली जाऊन पट्टीला अडवते. तशीच तिची योजना आहे. उलटी बसल्यावर ती वर आली होती आणि चिमट्याच्या गोलसर कडेवर चढून बसली होती. नट सैल असताना पट्टी तिथे तशीच राहायची. नट आवळला की दाबाखाली ती दुमड त्या गोलाईवरून घसरायची, आणि घसरायला वाट मागेच होती. अॅल्युमिनियमवर तिची ताजी ओरखड उमटलेली होती, सुमारे नखाच्या रुंदीची, कडेला बारीक उंचवटा आलेली.

टायर बदलताना चाक निघतं, पट्ट्या मोकळ्या होतात, घाईत एक उलटी बसते. यात काही गूढ नाही. पण यामुळे बिघाड दुहेरी झाला होता. खुणा खोट्या झाल्या, आणि खुणा सोडून खरं मोजणाऱ्यालाही ती पट्टी शेवटच्या क्षणी फसवत होती. मी पहिल्या दिवशी पट्टी बाहेर काढून पाहिली असती तर तीन दिवस वाचले असते. नाही पाहिली. दोन्ही खाचा सारख्या दिसल्या आणि "खुणा खोट्या असतात" हे ज्ञान मिरवून मी पुढे गेलो. खोट्या का, हे विचारलंच नाही.

बेल्टच्या बाबतीत हा एक मिलिमीटर इतका का बोचतो, याला बेल्टचा स्वभाव कारण आहे. सुरुवातीच्या कित्येक मोटारसायकली, १९०३ पासूनच्या हार्ले-डेव्हिडसनसुद्धा, चामड्याच्या पट्ट्यावर चालायच्या. तो पट्टा ताणला जायचा, घसरायचा, आणि चेनने त्याला घालवलं. १९८० मध्ये हार्लेने स्टर्जिस नावाच्या गाडीत बेल्ट परत आणला तो दातेरी रबराचा आणि आत अॅरॅमिड दोरे असलेला. अॅरॅमिड म्हणजे केव्हलारच्या जातीचा धागा; केव्हलार ड्युपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या १९६५ च्या कामातून आलं. पुढे कावासाकीच्या जीपीझेड ३०५ पासून बीएमडब्ल्यूच्या एफ ८०० एस पर्यंत अनेक गाड्यांनी बेल्ट घेतला. त्या दोऱ्यांमुळे बेल्ट जवळजवळ ताणला जातच नाही. चेन झिजून सैल होते, मग आपण ती मागे ओढतो. बेल्ट वर्षभर तिथल्या तिथे असतो. त्याची हीच चांगली बाजू इथे वाकडी पडते. एक्सल चुकून मागे गेला तर बेल्ट लांब होऊन सांभाळून घेत नाही, तो सगळा ताण बेअरिंगला देतो. माझ्या मोजणीत बोल्टच्या डोक्याची एक बाजू, म्हणजे ०.२ मिमी, झोलात जवळजवळ १ मिमीचा फरक पाडत होती. गाडी तापली की पुल्या आणि चिमटा अॅल्युमिनियमचे म्हणून थोडे फुगतात, बेल्ट तेवढा फुगत नाही, आणि ताण आणखी चढतो. म्हणून थंड असतानाच मोजायचं.

पट्टी सरळ बसवली. ओरखडीचा उंचवटा बारीक कानशीने फक्त वरवर काढला, खड्डा भरायच्या भानगडीत पडलो नाही. एक्सल पुसला, ग्रीसचा पातळ हात दिला, चाक आणि चिमट्याच्या मधले दोन्ही स्पेसर आपापल्या बाजूला आहेत ना ते पाहिलं, चाक चढवलं.

यावेळी क्रम बदलला. सैल नटवर कांडीने सरळपणा आणि काट्याने ताण, झोल मुद्दाम १० च्या बाजूला ठेवून. मग नट अर्ध्या टॉर्कपर्यंत. पुन्हा दोन्ही मापं. मग चाक पायाने पुढे, बोल्टांकडे दाबून धरून पूर्ण टॉर्क. पुन्हा दोन्ही मापं. चेनवाल्या गाड्यांत याच कामासाठी चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये चिंधीचा बोळा किंवा पेचकस अडकवून चाक मागे फिरवतात, म्हणजे एक्सल पुढे ओढला जातो. बेल्टवर हे करू नये, दोऱ्यांची तिथे वाट लागते. पाय पुरतो.

आवळल्यावर झोल ९ मिमी, फरक कांडीवर नखभर, उजवी बाजू किंचित मागे. ताणाचे दोन्ही बोल्ट बोटांनी फिरेनात. तेवढी एक गोष्ट मी तीनदा पाहिली.

मग बेल्ट कुठे धावतो ते. चाक जमिनीपासून उचलून, इंजिन बंद ठेवून, हाताने पुढच्या दिशेलाच दहा-बारा फेरे. मागे फिरवून निकाल लावू नये, बेल्ट उलट्या दिशेला वेगळा वागतो. बेल्ट आतल्या किनारीपासून दूर आला, पण बाहेरच्या अंगाला जरा जास्तच गेला. इथे एक निर्णय घ्यावा लागला. कांडीप्रमाणे चाक अगदी सरळ करावं, की बेल्टला पुलीच्या मधोमध धावू द्यावं? मी बेल्टच्या बाजूने गेलो. नट सैल करून उजवीकडचा बोल्ट एक बाजू मागे घेतला, म्हणजे ०.२ मिमी, आणि पुन्हा तोच सगळा क्रम. फरक चालून जाण्याच्या मर्यादेत कुठेच्या कुठे आत होता, आणि बेल्ट आता दोन्हीकडे पोस्टकार्ड जाईल एवढी फट ठेवून धावत होता. कांडी हे साधन आहे, बेल्ट हा मालक आहे. ज्यांना हे उलट वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

शेवटी नवी पिन, ब्रेकचा पॅडल, चाकाजवळच्या एबीएसच्या तारेला कुठे ओढ नाही ना ते, आणि डाव्या पट्टीवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, मागच्या बाजूला. मित्राला सांगितलं, पुढच्या टायरच्या वेळी हा ठिपका मागेच राहिला पाहिजे. त्याने फोटो काढून ठेवला.

पाचशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा आली. झोल ९ मिमी, कडेवर नवी चकाकी नाही, झाकणात पूड नाही, चिमणी उडाली ती उडाली. पण घुंई पूर्ण गेलेली नाही. खूपच कमी झाली आहे, इतकी की मित्र म्हणतो, "तुझ्याच कानात आहे ती." बेल्ट उतरवून पुढची पुली हाताने धरली, वर-खाली हलवून पाहिली. खेळ जाणवत नाही. फिरवताना मात्र एका जागी किंचित खरखर लागते, वाळूचा एखादा कण बोटाखाली यावा तशी. शाफ्टच्या सीलपाशी अजून तेल नाही. दोन महिने तीनशे चाळीस किलोचा भार सोसलेलं ते बेअरिंग असेल, किंवा ते आधीपासूनच तसं असेल. आता ते सांगता येणार नाही. सीलभोवतीची जागा पुसून कोरडी केली आहे. पुढच्या सर्व्हिसला तिथे ओल दिसली तर गिअरबॉक्स उघडावा लागेल, आणि तो मी उघडणार नाही, त्यासाठी वेगळे हात लागतात.